लेखणी धरणारे देव : थॉथ, गणपती आणि ज्ञानदैवतांची परंपरा

ज्ञानाचे दैवत म्हटले की ते उपदेश करणारे, मंत्र देणारे किंवा सृष्टीचे रहस्य उलगडून सांगणारे असेल, अशी अपेक्षा सहज मनात येते. परंतु प्राचीन इजिप्तने ज्या देवाला ज्ञानाचा स्वामी मानले, त्याचे सर्वांत परिचित रूप बोलणाऱ्याचे नसून लिहून घेणाऱ्याचे आहे. त्याच्या एका हातात बोरूची लेखणी आणि दुसऱ्या हातात शाईच्या वड्यांची पाटी असते. समोर जे घडते आहे ते कमीजास्त न करता नोंदवणे, हे त्याचे काम. या देवाला ग्रीकांनी दिलेल्या उच्चारामुळे जग ‘थॉथ’ म्हणून ओळखते, तर इजिप्शियन भाषेतील त्याचे नाव ‘जेहुती’ असे वाचले जाते. ज्या महाराष्ट्रात कोणत्याही कामाचा आरंभ म्हणजे ‘श्रीगणेशा’, आणि ज्या गणपतीला व्यासांचा लेखनिक म्हणून घरोघरी ओळखले जाते, तेथील वाचकाला हा देव पहिल्याच भेटीत ओळखीचा वाटल्यास नवल नाही. ही ओळख कोठवर खरी आहे, कोठे ती केवळ वरवरची आहे आणि ज्ञानदेवतेच्या हाती लेखणी देण्यामागे माणसाला नेमके काय म्हणायचे होते, याचा शोध घेणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

थॉथची दोन रूपे प्रामुख्याने आढळतात : एक शराटी पक्ष्याचे मस्तक असलेल्या पुरुषाचे आणि दुसरे बबून जातीच्या माकडाचे. शराटी हा लांब, खाली वाकलेल्या चोचीचा पाणथळ जागेतला पक्षी. इजिप्तमधील पवित्र शराटीचा जवळचा भाईबंद असलेला, काळ्या डोक्याचा पांढरा शराटी मुळा-मुठेच्या काठी आणि भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर आजही दिसतो. चिखलात चोच खुपसत, एकेक पाऊल टाकत तो चालतो तेव्हा त्याची चोच लेखणीसारखी भासते, आणि तिची कमान चंद्रकोरीसारखी. या साम्यामुळेच तो चंद्राशी व लेखनाशी जोडला गेला असावा, असा तर्क केला जातो. थॉथचे मुख्य क्षेत्र मध्य इजिप्तमधील ख्मून, म्हणजे ‘आठांचे नगर’, हे होते. सृष्टीपूर्वीच्या आठ आदिम देवतांवरून पडलेले हे नाव. ग्रीकांनी थॉथला आपल्या हर्मीसशी एकरूप मानले, म्हणून त्या नगराला ते हर्मोपोलिस म्हणू लागले. तेथून जवळच, तुना एल-गेबेल येथील भुयारांत, भक्तांनी अर्पण केलेल्या शराटी पक्ष्यांच्या ममी लाखांच्या संख्येने ठेवलेल्या आढळल्या. इजिप्शियन लोक आपल्या चित्रलिपीला ‘देवाचे शब्द’ म्हणत आणि थॉथला त्या शब्दांचा धनी मानत. सुमारे दीड हजार वर्षे मुकी झालेली ही लिपी १८२२ साली फ्रेंच विद्वान शांपोलियोंने उलगडली, तेव्हा त्याच्या तर्काला बळकटी देणाऱ्या नावांत ‘थुतमोस’ हे राजनाम होते. त्याचा अर्थ ‘थॉथपासून जन्मलेला’, आणि त्यातील पहिले चिन्ह होते शराटीचे. लिपीच्या देवाने स्वतःच्या नावानेच लिपीचे दार उघडण्यास हातभार लावला, असे म्हणता येते.

थॉथ हा चंद्राचाही देव होता, आणि म्हणूनच काळ मोजण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. इजिप्शियन पंचांगात तीस दिवसांचे बारा महिने असत, म्हणजे ३६० दिवस. उरलेले पाच दिवस वर्षाच्या शेवटी जोडले जात. या पाच दिवसांची कथा इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवली आहे. आकाशदेवी नूटला वर्षातल्या कोणत्याही महिन्यात प्रसूत होता येणार नाही असा शाप सूर्याने दिला. तेव्हा थॉथने (प्लुटार्कच्या शब्दांत हर्मीसने) चंद्राशी सोंगट्यांचा डाव मांडला, त्याच्या प्रकाशाचा सत्तरावा अंश जिंकला आणि त्यातून पाच नवे दिवस घडवले. कोणत्याच महिन्यात न मोडणाऱ्या त्या दिवसांत ओसायरिस, थोरला होरस, सेथ, आयसिस आणि नेफ्थिस जन्मले. हिशोबात न बसणाऱ्या काळाला कथेचा आधार द्यावा लागतो, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे ते सौरवर्षापेक्षा दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे पडते, आणि ही तूट भरून काढण्यासाठी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरावा लागतो. जो महिना ‘मलमास’ म्हणून कोणत्याच देवाला नकोसा होता, त्याला विष्णूने आपले ‘पुरुषोत्तम’ हे नाव दिले, अशी पुराणकथा आहे. आणि त्याच महिन्यात जावयाला अनरशांचे वाण देण्याची रीत घरोघरी पाळली जाते. दोन्हीकडे गणिताने उघडी पाडलेली फट श्रद्धेने आपल्या ताब्यात घेतली. येथे थॉथ आणि गणपती यांच्यातला एक ठळक भेदही दिसतो. थॉथ स्वतःच चंद्रदेव आहे; गणपतीने मात्र आपल्याला हसणाऱ्या चंद्राला शाप दिला, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला त्याचे दर्शन निषिद्ध झाले, आणि तरीही संकष्टीचा उपवास सुटतो तो चंद्रोदयालाच.

थॉथच्या लेखणीचे सर्वांत गंभीर काम मृत्यूनंतरच्या न्यायसभेत आहे. ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहाच्या १२५व्या प्रकरणाशी जोडलेल्या चित्रांत मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि मात या सत्य-ऋताच्या देवीचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवलेले असते. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस तराजूचा काटा पाहतो. हृदय जड ठरल्यास ते गिळण्यासाठी मगरीच्या तोंडाची अम्मित बाजूला टपलेली असते. आणि या दोघांच्या मध्ये, लेखणी सरसावून, थॉथ उभा असतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील, इ.स.पू. १२५०च्या सुमाराच्या ‘आनीच्या पपायरस’मध्ये हा प्रसंग विशेष तपशिलाने रंगवला आहे, आणि आनी हा स्वतः राजदरबारी लेखनिक होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याने आयुष्यभर इतरांचे हिशोब लिहिले, त्याचा हिशोब शेवटी देवांचा लेखनिक लिहितो आहे.

या दृश्याशी भारतीय परंपरेत थेट जुळते ते गणपतीचे नव्हे, तर चित्रगुप्ताचे रूप. यमाच्या दरबारात प्रत्येकाच्या पापपुण्याची वही ठेवणाऱ्या या लेखनिकाला कायस्थ समाज आपला मूळपुरुष मानतो आणि यमद्वितीयेला लेखणी-दौतीसह त्याची पूजा करतो. मराठी लोकजीवनात मात्र हे काम मृत्यूपाशी थांबत नाही. ते जन्मापाशीच सुरू होते. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडली जाते, कोरा कागद आणि लेखणी बाळाजवळ ठेवली जाते, आणि त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते असे मानले जाते. ‘सटवाईचा लेख टळत नाही’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना अक्षर लिहिता येत नव्हते. तरीही नशिबाची कल्पना त्यांनी लिखित मजकूर म्हणूनच केली. इजिप्तमध्ये नवजाताचे भवितव्य सांगण्यासाठी सात हाथोर देवी येत, पण त्या ते उच्चारून सांगत. सटवाई लिहिते. लेखन ज्यांच्या आवाक्याबाहेर होते त्यांच्या मनावरही लेखनाची केवढी सत्ता होती, हे यातून दिसते.

लेखनाच्या या सत्तेचा उगम शोधायचा तर मेसोपोटेमियाकडे वळावे लागते. उरुक येथील इ.स.पू. ३२००च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर प्रामुख्याने धान्याचे, जनावरांचे आणि मजुरीच्या शिध्याचे हिशोब आहेत. काव्य आणि स्तोत्रे पुष्कळ नंतर आली. म्हणूनच सुमेरियन लोकांची लेखनदेवी निसाबा ही मुळात धान्याची देवी होती, यात विसंगती नाही. अनेक सुमेरियन रचना निसाबेच्या जयजयकाराने संपतात. मराठी पोथी ज्याप्रमाणे गणेशाला नमन करून सुरू होते, त्याप्रमाणे तेथील लेखनिक लेखणी खाली ठेवताना देवीचे नाव घेत असे. पुढे बाबिलोनियात हे पद मर्दुकचा पुत्र नबू याच्याकडे गेले. बोरसिप्पा येथील एझिदा मंदिरात त्याची पूजा होई, लेखणी हे त्याचे चिन्ह होते, आणि नववर्षाच्या उत्सवात येत्या वर्षाचे भाग्य तो पाटीवर लिहितो अशी श्रद्धा होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी वहीपूजन करून नव्या वर्षाचे खाते उघडणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनातली भावना यापासून फार दूरची नाही : हिशोब ही व्यवहाराची बाब असली, तरी खरा हिशोब ही पवित्र गोष्ट आहे.

इतर संस्कृतींतील ज्ञानदैवतांचा येथे केवळ निर्देश पुरेसा आहे. उत्तर युरोपातील ओडिन हा लेखनिक नव्हे, तर लिपीसाठी तप करणारा देव आहे. नऊ रात्री वृक्षाला टांगून घेऊन त्याने रून नावाची अक्षरे मिळवली आणि ज्ञानाच्या घोटासाठी एक डोळा दिला. मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथात कलानिपुण असे दोन भाऊ माकडे होतात, आणि माया चित्रकलेत माकडाच्या रूपातील लेखनिक खरोखरच दिसतात. इजिप्तचा बबून आणि मायांचे माकड यांच्यामध्ये महासागर आहे, कोणताही ज्ञात संपर्क नाही. माकडाचा मानवी हाताशी साम्य असलेला हात दोन्हीकडच्या लोकांना लेखणीला साजेसा वाटला असावा, एवढेच फार तर म्हणता येते.

तथापि, लेखनामुळे ज्ञान खरोखर वाढते काय, हा प्रश्नही याच देवाला विचारला गेला आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस एक कथा सांगतो. थ्यूथ, म्हणजेच थॉथ, याने अंक, भूमिती, ज्योतिष, सोंगट्या आणि फासे शोधून काढले, आणि अखेर अक्षरे घेऊन तो राजा थामुसकडे आला. अक्षरांमुळे लोक अधिक शहाणे होतील आणि त्यांची स्मृती वाढेल, असे त्याने सांगितले. राजाने उलट उत्तर दिले : लोक लिहिलेल्यावर विसंबतील, स्मरणशक्तीचा सराव सोडतील, आणि पुष्कळ वाचून काहीही न समजलेले लोक स्वतःला ज्ञानी समजू लागतील. ज्या देशात वेद शतकानुशतके पाठांतराने राखले गेले, आणि घनपाठासारख्या पद्धतींनी एकेक स्वर जपला गेला, तेथे थामुसची ही शंका निराळ्या शब्दांत जिवंत होती.

या शंकेचे सर्वांत समर्पक उत्तर मराठी घरांत लहानपणीच सांगितल्या जाणाऱ्या एका कथेत आहे. महाभारत मनात रचून झाल्यावर ते लिहून कोण घेईल या चिंतेत व्यास असताना ब्रह्मदेवाने गणपतीचे नाव सुचवले. गणपतीने अट घातली की त्याची लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी प्रतिअट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग व्यास अधूनमधून गूढ अर्थाचे कूटश्लोक घालू लागले. गणपती अर्थाचा विचार करी, आणि तेवढ्या अवधीत व्यास पुढची रचना करीत. थामुसला भीती होती ती न समजता लिहिण्या-वाचण्याची. या कथेने समजून घेणे हीच लेखनाची पूर्वअट ठरवली. थॉथच्या लेखणीचा धर्म सत्याची नोंद हा आहे, तर गणपतीच्या लेखणीचा धर्म अर्थाचे आकलन हा. आणि ज्ञानाला या दोहोंची गरज असते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ही सुंदर कथा महाभारताच्या मूळ पाठाचा भाग नाही, आणि ते दाखवून देण्याचे काम पुण्यातच झाले. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. चिकित्सक आवृत्ती म्हणजे उपलब्ध हस्तलिखितांचे पाठ एकमेकांशी ताडून, त्यांची कुळे ठरवून, शक्य तितका प्राचीन पाठ निश्चित करणारी आवृत्ती. वि. सी. सुखठणकर यांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले, एकूण १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे हे कार्य चालले आणि १९६६ साली सिद्धीस गेले. गणपतीच्या लेखनाची कथा सर्व परंपरांच्या हस्तलिखितांत आढळत नाही, या कारणाने संपादकांनी ती मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. युरोपातही असेच एकदा घडले होते. थॉथ आणि हर्मीस यांच्या संयोगातून कल्पिलेल्या ‘त्रिवार महान हर्मीस’च्या नावावरील ग्रंथ मोझेसच्या काळाइतके प्राचीन मानले जात असता, आयझॅक कासोबोंने १६१४ साली त्यांच्या ग्रीक भाषेचे परीक्षण करून ते ख्रिस्तोत्तर शतकांतले असल्याचे दाखवले. दोन्ही ठिकाणी लेखनदेवाच्या नावाची कथा लेखनाच्याच कसोटीवर घासली गेली. यात श्रद्धेचा अवमान नाही. भांडारकर संस्थेच्या संपादकांनी कथा फेकून दिली नाही, तिची जागा नोंदवली. लेखनिकाने कमीजास्त न करता लिहावे, हा थॉथचा नियम आणि समजल्याशिवाय लिहू नये, ही गणपतीसमोरची अट, ही दोन्ही त्यांनी पाळली. शिवाय, ती कथा नंतरची ठरल्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. मौखिक परंपरेने वाढलेल्या समाजाला लेखनाची प्रतिष्ठा केव्हातरी स्वतःला समजावून सांगावीशी वाटली, याचा ती पुरावा ठरते.

मराठी वाङ्मयाने ही प्रतिष्ठा पहिल्यापासून ओळखली होती. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०मधील ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे जे रूपक येते, त्यात गणपती लेखनिक नसून स्वतःच वाङ्मय झाला आहे : स्मृती हे त्याचे अवयव, पुराणे ही त्याची आभूषणे, सहा दर्शने हे त्याचे हात आणि ॐकाराच्या तीन मात्रा हे त्याचे चरण, उदर व मस्तक. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आदराने नोंदवलेले आहे. चक्रधरांच्या आठवणी गावोगाव फिरून, ऐकणाऱ्यांना पुन्हापुन्हा विचारून ‘लीळाचरित्रा’त गोळा करणारे म्हाइंभट, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे हे याच परंपरेचे मानकरी आहेत. इंद्रायणीत बुडालेल्या वह्यांची कथा महाराष्ट्र विसरलेला नाही. पण संताजींसारख्यांच्या हातांनी जे राखले, त्यावर पुढच्या पिढ्यांचे भजन उभे राहिले, याचे स्मरण तितक्याच कृतज्ञतेने व्हायला हवे.

लेखणीचा विचार करताना ती कोणाच्या हाती नव्हती, हेही पाहावे लागते. इजिप्तमध्ये थॉथच्या जोडीला शेशात ही देवी होती; चित्त्याचे कातडे पांघरलेली, मस्तकावर सात टोकांचे चिन्ह धारण करणारी ही देवी राजाच्या राज्यवर्षांच्या खुणा खजुरीच्या दांडीवर करी आणि मंदिराच्या पायाभरणीची दोरी ताणी. देवी लिहीत होती, तरी स्त्री-लेखनिकांचे पुरावे फार तुरळक आहेत. भारतात सरस्वतीची स्थितीही निराळी नव्हती. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखून तिला हळदकुंकू वाहायचे, आणि घरातल्या मुलीच्या हाती ती पाटी मात्र द्यायची नाही, हा विरोधाभास फार काळ चालला. तो मोडण्याचे काम ज्या जागांवर झाले, त्यांतली एक पुण्यातील वारज्याला अगदी लागून आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याला, मुठेकाठच्या माळावरच्या झोपडीत हलवला, विधवा स्त्रियांना तेथे अक्षर मिळाले, आणि १९१६ साली त्यातूनच भारतातले पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. आज हिंगणे बुद्रुकचे कर्वेनगर झाले आहे आणि वारजे-माळवाडी पुणे शहराचा दाट वस्तीचा भाग बनली आहे. ज्ञानदेवतांच्या इतिहासात या परिसराचे नाव कोठेही येत नाही, परंतु सरस्वतीच्या पूजेला तिच्या लेकींच्या शिक्षणाची जोड येथे मिळाली, म्हणून ते येथे मुद्दाम घेतले आहे.

तुलनेच्या मर्यादांबद्दलही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. साम्य दिसले की एक देव दुसऱ्यापासून निघाला असे ठरवण्याचा मोह या क्षेत्रात फार जुना आहे. थॉथ आणि गणपती यांच्यात ऐतिहासिक नाते असल्याचा कोणताही पुरावा नाही. एक चंद्रदेव आहे, दुसरा विघ्नहर्ता गणांचा अधिपती. एकाला पक्ष्याचे मस्तक, दुसऱ्याला हत्तीचे. लेखणी वगळली तर दोघांचे मार्ग वेगळे आहेत. थॉथचे काम भारतात एका देवाकडे न राहता गणपती, सरस्वती, चित्रगुप्त आणि सटवाई यांच्यात वाटले गेले, हेच अधिक अचूक विधान ठरेल. रा. चिं. ढेरे यांनी महाराष्ट्रातील दैवतांचा अभ्यास करताना स्थळ, विधी, मूर्ती आणि लोकगीत यांचे पुरावे एकत्र तपासण्याची जी शिस्त घालून दिली, तीच दूरदेशीच्या दैवतांची तुलना करतानाही सांभाळावी लागते. नावांच्या किंवा चित्रांच्या सारखेपणावर सिद्धान्त उभे राहत नाहीत.

या सर्व दैवतांकडे एकत्र पाहिल्यावर एक सूत्र मात्र हाती राहते. ज्ञानाची कल्पना करताना माणसाने ते वारंवार विनम्र सेवकाच्या हाती सोपवले : राजा दुसराच, न्यायाधीश दुसराच, कवीही दुसराच, आणि ज्ञानी तो जो त्यांचे नीट ऐकतो, समजून घेतो आणि खरे ते लिहून ठेवतो. खोटी नोंद करणारा थॉथ किंवा न समजता लिहिणारा गणपती यांची कल्पनाही या परंपरा करीत नाहीत. सत्य आणि आकलन यांवाचूनचा मजकूर आज पूर्वी कधी नव्हता इतक्या वेगाने निर्माण होत असताना, लेखणी थांबवून अर्थाचा विचार करणाऱ्या त्या देवाचा थांबा हाच त्याच्या कथेतला सर्वांत मोलाचा क्षण आहे. पाटीपूजनाच्या दिवशी एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखणारे मूल कळत नकळत त्याच थांब्याशी आपला हात जोडत असते.

वारजे, पुणे